शरीरातील लोहाचा जमाखर्च

निरोगी प्रौढ माणसाच्या शरीरात ३ ते ४ ग्रॅम लोह असते. वजनाने जेमतेम एका खिळ्याइतके. त्यातील सुमारे दोन तृतीयांश हिमोग्लोबिनमध्ये गुंतलेले असते. श्रोतेहो, या एवढ्याशा साठ्याची शरीर जी राखण करते ती काटकसरी गृहिणीलाही थक्क करील. जुन्या तांबड्या पेशी मोडून निघणारे २० ते २५ मिलिग्रॅम लोह दररोज नव्या पेशींसाठी पुन्हा वापरले जाते. आहारातून घ्यावे लागते ते केवळ १ ते २ मिलिग्रॅम. नकळत होणारा व्ययही साधारण तेवढाच. मासिक पाळीमुळे व गर्भारपणात मात्र स्त्रियांचा हा ताळेबंद सहज तुटीचा होतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या.

लोह लहान आतड्याच्या आरंभीच्या भागात शोषले जाते. तेथील पेशी ते घेतात खऱ्या, परंतु ते रक्तात सोडण्याचे दार यकृताच्या ताब्यात असते. यकृतातील हेप्सिडिन हे संप्रेरक ते दार बंद करते. साठा पुरेसा झाला की हेप्सिडिन वाढते, तूट आली की घटते. जंतुसंसर्गातही ते वाढते. म्हणूनच दीर्घ आजारात साठा असूनही रक्त फिके पडते. भाकरी-डाळीतील लोह मुळात कमी शोषले जाते. ताटातील लिंबाची फोड त्यास साह्य करते, तर जेवणावर लगेच घेतलेला चहा अडथळा आणतो. मुंबईकरांना हे फारसे रुचणार नाही.

दार बंद करता येते. पण आत साचलेले लोह बाहेर टाकण्याची सोय शरीरात नाही. थॅलेसेमियाग्रस्त बालकांचे सारे दुःख येथे आहे. या व्याधीचे वाहक सिंधी, लोहाणा, कच्छी भानुशाली आदी समाजांत अधिक आढळतात, आणि मुलुंड-घाटकोपरकडे या समाजांची मोठी वस्ती आहे. या बालकांची अस्थिमज्जा सदोष पेशी घडवीत राहते व लोहाची मागणी करते. हेप्सिडिन घटते, आणि भरलेल्या कोठारात आतडे आणखी भर घालते. शिवाय दर तीन-चार आठवड्यांनी रक्त द्यावे लागते. एका पिशवीत २०० ते २५० मिलिग्रॅम लोह असते, म्हणजे कित्येक महिन्यांची सामान्य आवक एका बैठकीत! ते हृदय, यकृत व ग्रंथींत साचते. पूर्वी ते काढण्यासाठी रात्रभर कातडीखाली सुई टोचून औषध द्यावे लागे. तोंडावाटे घेण्याच्या डेफेरिप्रोन या औषधाचे मुंबईतील रुग्णांवरील निष्कर्ष डॉ. एम. बी. अगरवाल व सहकाऱ्यांनी १९९२ साली प्रसिद्ध केले. आज बोरिवली येथे महानगरपालिकेचे थॅलेसेमिया उपचार व अस्थिमज्जा प्रत्यारोपण केंद्र आहे.

वाहक व्यक्ती स्वतः आजारी नसते, परंतु तिचे रक्त थोडे फिके व पेशी लहान असतात. चित्र हुबेहूब लोहाच्या तुटीचे! गोळ्या महिनोन्महिने घेऊनही हिमोग्लोबिन वाढत नाही, आणि खरा प्रश्न दडून राहतो. पती व पत्नी दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भारपणात व्याधिग्रस्त अपत्याची शक्यता चारात एक असते. हिमोग्लोबिन ए-२ या घटकाची रक्ततपासणी आयुष्यात एकदाच करावी लागते. ती विवाहापूर्वी, निदान गर्भारपणाच्या पहिल्या तिमाहीत, दोघांचीही व्हावी.