कॉफी धुतलेलं पाणी कुठे जातं?

मी बेंगळुरूत राहतो. माझ्या नळाला कावेरीचं पाणी येतं आणि सकाळची फिल्टर कॉफी त्याच पाण्यात होते. देशातली सुमारे ७० टक्के कॉफी कर्नाटकात पिकते, त्यातही सर्वांत जास्त कोडगू जिल्ह्यात. कावेरीचा उगमही तिथलाच. म्हणून आज कॉफीच्या सांडपाण्याबद्दल बोलायचं आहे.

कॉफीचं पिकलेलं फळ ओल्या पद्धतीने सोललं की बियांवर चिकट थर उरतो. तो आंबवून धुतात. त्या पाण्यात साखर आणि पेक्टिन उतरतं. यात विष कुठे आहे, असं तुम्ही विचाराल. अडचण त्या साखरेचीच आहे. ती खायला जिवाणू तुटून पडतात आणि खाताना पाण्यातला प्राणवायू संपवतात.

हिशोब करून पाहू. असं एक लिटर पाणी ३,००० मिलिग्रॅम प्राणवायू खातं असं धरा. खरा आकडा याहून मोठाही असतो. स्वच्छ नदीच्या एका लिटरमध्ये प्राणवायू असतो जेमतेम ८ मिलिग्रॅम. म्हणजे एक बादली सांडपाणी नदीच्या पावणेचारशे बादल्यांचा श्वास कोंडतं! नदीत सोडायच्या सांडपाण्याला सर्वसाधारण मर्यादा आहे ३० मिलिग्रॅमची.

त्यात वेळही वाईट. तोडणीचा जोर डिसेंबर ते फेब्रुवारी. तेव्हा पाऊस संपलेला, ओढे आटत आलेले. आधी दगडांखालचे किडे जातात, मग त्यांच्यावर जगणारे मासे. फक्त कावेरीच्या खोऱ्यात सापडणारा, पाठीवर कुबड असलेला महसीर मासा २०१८ पासून अतिसंकटग्रस्तांच्या जागतिक यादीत आहे. धरणं, वाळूउपसा, बाहेरून आणलेले मासे यांनी तो आधीच बेजार आहे. त्यात ही भर नको.

उपाय आहेत. चिकट थर यंत्राने घासून काढला तर पाणी खूप कमी लागतं. फळं सोलतानाचं पाणी पुन्हा वापरता येतं. चुन्याने आम्लता उतरते. बंद टाकीत तीच साखर स्वयंपाकाचा गॅस देते. पण बहुतेक बागायतदार लहान आहेत, एकट्याला टाकी परवडत नाही. गावाचं सामाईक केंद्र असेल, तर खर्च वाटला जाईल.

आपण कॉफीची भाजणी विचारतो, चव विचारतो. पाकिटावर ‘वॉश्ड’ दिसलं, की आणखी एक विचारा: धुतलेलं पाणी कुठे गेलं?