कोळ्याच्या तोंडून शाकुंतल

जिंतूर तालुक्यातली येलदरी ओळखली जाते ती पूर्णा नदीवरच्या धरणामुळे. जाळं, होडी, मासळी हे शब्द जलाशयाकाठच्या मुलांना समजावून सांगावे लागत नाहीत. नववी-दहावीच्या वर्गाला कथाकाव्य लिहायला शिकवायचं, तर कालिदासाच्या ‘शाकुंतल’ नाटकाचा सहावा अंक इथे चपखल बसतो.

अंकाच्या सुरुवातीलाच एक कोळी पकडला जातो. रोहित माशाच्या पोटात त्याला राजाची अंगठी सापडलेली असते. शिपायांच्या लेखी मात्र तो चोर. त्याच्या धंद्याची टिंगल होते, मरणाची भीती घातली जाते. पुढे राजा अंगठीच्या मोलाचं बक्षीस धाडतो आणि तीच मंडळी दोस्ती करून त्याला दारूच्या गुत्त्याकडे नेतात!

नाटकात हे सारं संवादांतून कळतं. कथाकाव्याला निवेदक लागतो. म्हणून आधी ठरवायचं, गोष्ट सांगणार कोण? कोळी, शिपाई की खुद्द मासा?

मग प्रसंगाचे चार टप्पे पाडून प्रत्येकाला दोन-तीन ओव्या द्यायच्या. ज्ञानेश्वरीच्या ओवीत पहिल्या तीन चरणांचं यमक जुळतं, चौथा आखूड असतो. अक्षरसंख्येचं कडक बंधन नसल्याने नवख्यालाही ती झेपते.

ओळखीची कथा नव्या रूपात सांगण्याची ही वाट मराठीला जुनीच. रघुनाथ पंडितांनी नळ-दमयंतीची कथा आख्यानकाव्यात रंगवली. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ संगीत नाटक म्हणून रंगभूमीवर आणलं.

शिक्षकांनी हा प्रवेश आधी मुलांकडून पात्रं वाटून मोठ्याने वाचून घ्यावा. वही-पेन दुसऱ्या तासाला.