यकृतापर्यंत पोचलेला कर्करोग

मोठ्या आतड्याचा कर्करोग यकृतात पसरला की उपाय संपले, असा समज सर्वत्र आढळतो. वस्तुस्थिती तशी नाही. आतड्यातील रक्त प्रथम यकृताकडे जाते; म्हणून रोगाच्या पेशी बहुधा तेथेच रुजतात. परंतु निरोगी यकृत कापलेला भाग पुन्हा भरून काढते. गाठी मोजक्या असतील, तर पोटावर लहान छिद्रे पाडून दुर्बिणीच्या साहाय्याने त्या काढता येतात. सुमारे ३ सेंटिमीटरपर्यंतची गाठ त्वचेतून सुई घालून उष्णतेने नष्टही करता येते. जखम लहान राहते. रुग्ण लवकर हिंडूफिरू लागतो.

मात्र गाठ लहान असतानाच सापडली पाहिजे. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिमेकडील आदिवासी वाड्यांवरून पुण्यास जायचे, तर दिवसाची मजुरी बुडते. मग शौचातील रक्त मूळव्याध समजून अंगावर काढले जाते. अशा व्यक्तीस प्रथम मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयापर्यंत पोचविणे, हे पंचायत सदस्य व शिक्षकांना सहज करता येण्याजोगे काम आहे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगावरील अनेक उपचार समाविष्ट आहेत. शस्त्रक्रिया तज्ज्ञ करतील. वेळ मात्र गावानेच वाचवावयाची आहे.