मी बोईसरला काम करतो



चिनी भाषा म्हटली की आपण हात टेकतो. ती चित्रासारखी अक्षरे, ते चढ-उताराचे सूर! पण सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली रुग्णसेवेसाठी चीनला गेले, तिथली भाषा शिकले आणि १९४२ साली मृत्यू येईपर्यंत तिथल्याच लोकांत राहिले. तेव्हा मराठी माणसाला चिनी जमायची नाही, असे काही नाही. अक्षरे आणि सूर कष्टाचे, हे खरे. पण वाक्याच्या बाबतीत आपली मराठीच आपल्याला हात देते, हे मला आज सांगायचे आहे.

आमच्या पालघरला संध्याकाळी मी चार-सहा तरुणांना थोडी चिनी शिकवतो. पहिल्या वर्षी समोर इंग्रजी पुस्तक ठेवून, इंग्रजीच्या आधारानेच शिकवले. तारापूरच्या एका कारखान्यात काम करणाऱ्या तरुणाने फळ्यावर लिहिले, ‘वो कुंगत्स्वो त्साय बोईसर’. ‘वो’ म्हणजे मी, ‘कुंगत्स्वो’ म्हणजे काम करणे, ‘त्साय बोईसर’ म्हणजे बोईसरला. वाक्य चुकले. इंग्रजीत गावाचे नाव क्रियापदानंतर येते, तसेच त्याने इथे ठेवले. मी तीनदा खोडले, त्याने तीनदा तसेच लिहिले. शेवटी तो म्हणाला, “सर, आपल्या मराठीत कसं म्हणतो, ते धरून सांगा ना!”

मराठीत काय म्हणतो? मी बोईसरला काम करतो. आणि चिनीत? ‘वो त्साय बोईसर कुंगत्स्वो’. क्रम तोच! चूक त्याची नव्हती, माझी होती.

मग एकेक सापडत गेले. ‘तू येतोस’ याला आपण शेवटी ‘का’ जोडला की प्रश्न होतो. चिनी माणूस ‘नी लाय’ याला ‘मा’ जोडतो. ‘मी विकत घेतलेले पुस्तक’ यात पुस्तक शेवटी येते. ‘वो माय द शू’ यातही ‘शू’, म्हणजे पुस्तक, शेवटीच.

आता फरक कुठे, तेही पाहू. ‘मी भात खातो’ याचे चिनीत ‘मी खातो भात’ होते. शिवाय ‘मी तुला शिकवतो’ म्हणा की ‘तुला मी शिकवतो’ म्हणा, आपला अर्थ ढळत नाही. ‘ला’ प्रत्यय तो सांभाळतो. चिनीत असे विभक्तीचे प्रत्यय नाहीत. तिथे शब्दाची जागा हलली की अर्थ हलला.

शिक्षक बंधु-भगिनींनो, चिनी शिकवण्याचा योग तुम्हांला कदाचित येणार नाही. पण तुमच्या वर्गात वारली बोलणारे मूल असेल, दुसऱ्या प्रांतातून बोईसरला आलेल्या कामगाराचे मूल असेल. पुस्तकातली मराठी त्याला परकीच. आपल्याच जिल्ह्यात, कोसबाडला, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांचे शिक्षण त्यांच्या अंगणापासून सुरू केले. आपणही मुलाचे वाक्य खोडण्याआधी एवढेच विचारावे, “बाळा, तुझ्या घरी हे कसं म्हणतात?”

‘वो च्याव नी’ म्हणजे मी तुला शिकवतो. दोन शब्दांची अदलाबदल करा, ‘नी च्याव वो’: तू मला शिकवतोस. त्या संध्याकाळी फळ्यापाशी नेमके हेच झाले.