यंत्र आलं, पण काकांची खुर्ची?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिलाय 'हस्तकला शिक्षण आणि डिजिटल फॅब्रिकेशन'. कार्यक्रमपत्रिका ग्रुपवर आली त्याच रात्री मागच्या बाकावरच्या मंडळींचा फोन आला, "तुला सूप विणता येत नव्हतं, तू हस्तकलेवर बोलणार?" खरं आहे. कार्यानुभवाच्या तासाला मी विणलेल्या सुपातून तांदूळ खाली पडायचे. सरांनी ते सूप वर्षभर कपाटावर ठेवलं होतं, नमुना म्हणून. कसला नमुना, ते सांगायला नको.

डिजिटल फॅब्रिकेशन हे नाव जड आहे, काम तेवढं अवघड नाही. संगणकावर आकृती काढायची आणि ती वस्तू यंत्राकडून बनवून घ्यायची. लेझर कटर प्लायवूड, ॲक्रिलिक कापतो. थ्रीडी प्रिंटर प्लास्टिकची तार वितळवून थरावर थर चढवतो. अशी यंत्रं सर्वांना वापरायला मिळतात त्या जागेला फॅब लॅब म्हणतात. ही कल्पना अमेरिकेतल्या एमआयटीमधल्या नील गर्शेनफेल्ड यांची. एमआयटीबाहेरच्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी एक २००२ मध्ये सुरू झाली ती आपल्या पुणे जिल्ह्यातल्या पाबळला, विज्ञान आश्रमात. डॉ. श्रीनाथ कलबाग हिंदुस्तान लिव्हरमधलं संशोधन सोडून १९८३ मध्ये तिथे गेले होते. मूल हाताने काम करता करता शिकतं, हा त्यांचा आग्रह. वेल्डिंग, सुतारकाम, शेती, वीज हे सगळं तिथल्या मुलांचे विषय. म्हणजे यंत्रं आली तेव्हा तिथे हात आधीपासून कामाला लागलेले होते. हे मला फार उशिरा कळलं.

बारावीनंतर मी तिथला ग्रामीण तंत्रज्ञानाचा एक वर्षाचा निवासी कोर्स केला. पुढे नोकऱ्या झाल्या, त्या सोडतो. आता मोखाड्याच्या बाजूला एका शाळेत कार्यशाळा चालवतो. देणगीतून लेझर कटर आला, प्रिंटर आला. जव्हारचा घाट चढून ती खोकी शाळेत पोचली तेव्हा पोरांनी तारपा वाजवून मिरवणूक काढली. पहिल्या पावसात प्रिंटरची तार दमट होऊन फुसफुसायला लागली, आणि सात तासांची छपाई सहाव्या तासाला वीज गेल्यामुळे वाया गेली. आपल्याकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. आम्ही तार तांदळासारखी डब्यात भरून ठेवायला लागलो.

आता जे सांगायचं आहे ते. आपल्याच वर्गातली एक मैत्रीण आज इथे बसली आहे. नाव घेऊ नको म्हणाली आहे, पण सांगायची परवानगी दिली आहे. तिच्या आईला आपण सगळे मावशी म्हणायचो, दुपारी तिच्याकडे नागलीची भाकरी खायचो. मावशी लग्नाचा चौक काढतात. कार्यशाळेच्या उद्घाटनाला मी त्यांना भिंतीवर चित्र काढायला बोलावलं. त्यांनी गेरूवर तांदळाच्या पिठाने झाडं, कणगी, तारप्याचा फेर असं काढलं. मला चौकही हवा होता. मी फार मागे लागलो म्हणून कोपऱ्यात चौकाची नुसती चौकट काढून दिली. मध्यभाग रिकामा.

मी त्या चौकटीचा मोबाईलवर फोटो काढला, संगणकावर रेषा साफ केल्या, मधे इंटरनेटवरून उचललेली पालघट देवी बसवली आणि एमडीएफवर कापून भिंतीवर लावायच्या तबकड्या केल्या. एक तबकडी अकरा मिनिटांत. ठाण्याच्या एका प्रदर्शनात सगळ्या खपल्या. मी खूश, मुलं खूश, देणगीदार तर फारच खूश. एक तबकडी मावशींना भेट म्हणून नेऊन दिली. त्यांनी ती हातात घेतली, जळक्या कडेवरून बोट फिरवलं, बोटाला काजळी लागली ती पदराला पुसली आणि विचारलं, "कुणाचं लगीन हाय?"

मला वाटलं, थट्टा करतायत. मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

मित्रहो, मी वारली वस्तीशेजारी वाढलो. चौक लग्नातच लिहितात, सवाशिणी लिहितात, धवलेरी गाणी म्हणते तेव्हा देवी येते, हे मला ठाऊक होतं. तरी यंत्रासमोर बसल्यावर मला त्यात फक्त रेषा दिसल्या. आणि पैशांचं तर मी बोललोच नाही. विक्रीतला एक रुपयाही मावशींकडे गेला नव्हता. वारली चित्रकलेला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यावर मी वर्गात मुलांना तास घेतला होता. बाहेरचे लोक आपली कला पळवतात, असं तावातावाने सांगितलं होतं. मी स्वतःला बाहेरचा समजत नव्हतो, एवढाच फरक.

हिशेब मी नंतर चुकता केला, पण मैत्रीण आठ महिने माझ्याशी बोलली नाही. आता चौक यंत्रावर जात नाही. दुसरं चित्र घ्यायचं असेल तर आधी विचारायचं, वाटा आधी ठरवायचा आणि वहीत लिहायचा. ती वही मुलंच सांभाळतात.

मग यंत्र कशाला? ते आम्हाला बांबूकामाने शिकवलं. गावातले एक काका टोपल्या, सुपं, इरली विणतात. ते कार्यशाळेत आले, लेझर कटर चालताना बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "कागदासारखं सपाट पायजे याला. बांबू कुठं सपाट असतोय?" बरोबर होतं. गोल, पोकळ, पेरापेराला वेगळा. लेझरचं अंतर जरा चुकलं की एका बाजूला जळतो, दुसऱ्या बाजूला कापत नाही. पण आमच्या मुलांची अडचण निराळीच होती. त्यांच्या कामट्या एकसारख्या जाडीच्या निघत नव्हत्या. काकांना अंगठ्याला कळतं, मुलांना कळायला वर्षं लागणार. तेव्हा सातवीतल्या एका मुलीने प्लायवूडचा एक तुकडा कापला, त्याला एक, दीड आणि दोन मिलिमीटरच्या खाचा. कामटी खाचेतून ओढायची. अडकली की अजून तासायची.

काका तो तुकडा न विचारता घरी घेऊन गेले. चार दिवसांनी परत आले आणि म्हणाले, "कडेच्या कामटीला जाड खाच पायजे, ती तुम्ही केली नाही." त्या दिवशी पहिल्यांदा आमच्या यंत्राला खरं गिऱ्हाईक मिळालं.

पुढे दिव्यांच्या शेडचं काम आलं. आधी एका व्यापाऱ्याने माल परत केला होता, कारण प्रत्येक शेड वेगळ्या मापाची. आम्ही प्लायवूडच्या चकत्या कापून साचा केला, काकांनी त्यावर विणून दाखवलं, मग मुलांनी विणलं. चाळीस शेड, सगळ्या एका मापाच्या, आणि एकीचंही विणकाम यंत्राने केलेलं नाही. बोहाड्याच्या मुखवट्यांनाही आम्ही याच अंतराने वागतो. सोंगाचा चेहरा कागदाच्या लगद्यातून हातानेच होतो. नाचणाऱ्याच्या डोक्याच्या मापाचं आतलं कडं तेवढं आम्ही कापून देतो. मुखवटे करणाऱ्यांनी मागितलं म्हणून.

यामुळे स्थलांतर थांबलं असं मी म्हणणार नाही. दिवाळीनंतर भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांवर घरंच्या घरं जातात आणि वर्गातले बाक रिकामे होतात. खाचांचा तुकडा कापणारी मुलगीही गेल्या वर्षी गेली होती. पावसाआधी परत आली. तिच्या घरी आता दोघं जण शेड विणतात, यंदा आई मागे राहिली. इतकंच झालंय.

मला टोचतं ते वेगळंच. २०२० च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे शिकावं असं लिहिलंय. अटल टिंकरिंग लॅबसाठी शाळेला वीस लाखांपर्यंत अनुदान मिळतं. उत्तमच आहे. पण आमच्या देणगीच्या हिशेबपत्रकात प्रिंटरच्या तारेला रकाना होता, काकांना नव्हता. त्यांचे पैसे मी दोन वर्षं 'किरकोळ' खाली दाखवले. ज्यांच्याशिवाय यंत्राला काम नाही तो माणूस किरकोळ! वर स्टाफरूममध्ये त्यांना खुर्चीही नव्हती. ते उंबऱ्यावर बसायचे आणि आम्हाला त्यात काही वावगं वाटायचं नाही. खुर्चीचं आम्ही मुकाट्याने केलं. पैशांचं मात्र एकट्याने होत नाही.

मेळाव्याच्या निधीतून शाळेला दुसरा थ्रीडी प्रिंटर द्यावा असा ठराव दुपारी येणार आहे. तो मांडणारे माझे जुने दोस्त आहेत, त्यांच्या मनाचा मोठेपणा मला माहीत आहे. तरी मी विरोधात हात वर करणार आहे. त्या पैशात काका आणि मावशी आठवड्यातून दोन दिवस, दोन वर्षं, ठरलेल्या मानधनावर शिकवू शकतात. मावशींना मी विचारलंय. चौक शिकवणार नाही म्हणाल्या, भिंत सारवायला आणि बाकीची चित्रं काढायला शिकवतील.

सर, तुमच्या कपाटावरचं ते सूप अजून असेल तर मला द्या. काकांना दाखवायचं आहे. कार्यशाळा शनिवारी दुपारपर्यंत उघडी असते. तिथे मोबाईलला रेंज नाही, त्यामुळे आधी फोन करून या असं सांगत नाही. सरळ या.