काकूंचं माडगं

बैठक संपली, हप्ते वहीत चढले, की आम्ही शब्दांचा खेळ मांडतो. मूळ खेळ स्क्रॅबल. १९३० नंतरच्या मंदीत अमेरिकेतल्या आल्फ्रेड बट्सचं काम गेलं. त्याने वर्तमानपत्रातली अक्षरं मोजून हा खेळ रचला. सारखं येणाऱ्या अक्षराला कमी गुण, क्वचित येणाऱ्याला जास्त. हातात सात अक्षरं; सातही एकदम लावली तर ५० गुण जादा.

आम्ही जुन्या लग्नपत्रिकांचे पुठ्ठे कापून मराठी अक्षरं केली. काना-मात्रा वेगळ्या कापल्या तर हरवणारच, म्हणून त्या मनातल्या मनात लावायच्या. आडव्या शब्दातला 'का' उभ्यात 'की' होतो.

एरवी कुणी कुणाला अडवत नाही. शेजारणीच शब्द सुचवतात. पण संक्रांतीला दोन गटांचा सामना लावला आणि जुंपली. एका काकूंनी म, ड, ग लावून 'माडगं' वाचलं. समोरच्या म्हणाल्या, शब्दकोशात दाखवा. शाळेच्या छोट्या शब्दकोशात नव्हता. मोठ्या स्पर्धांत यादीत नसलेल्या शब्दावर आक्षेप आला, तर अक्षरं उचलावी लागतात, पाळीही जाते. काकू परवापरवापर्यंत अंगठा लावायच्या. गप्प बसून पुठ्ठे गोळा करू लागल्या.

आम्ही विचारलं, "हुलग्याचं माडगं कुणी कुणी प्यायलंय?" समोरच्याच चौघींचे हात वर. तेव्हापासून आमचा नियम: समोरच्या गटातल्या दोघी ओळखतील तो शब्द खरा.

काकूंना गुण मिळाले. सामना मात्र तीन गुणांनी गेला, आणि त्या आता परत खेळू म्हणून मागे लागल्यात.