चुकाऱ्याचा चेक : वटेपर्यंत तो कागदच



कापसाच्या भावावर आम्ही नेहमी बोलतो. आज बोलायचे आहे ते भाव ठरल्यानंतर हाती पडणाऱ्या कागदाबद्दल. भाव मिळाला आणि चुकारा बुडाला, तर तो भाव काय कामाचा?

बुडवणाऱ्याची रीत ठरलेली असते. तो गावात गाडी घेऊन येतो, बाजारापेक्षा चढा भाव बोलतो, काटा करतो आणि पुढच्या तारखेचा चेक देतो. तारीख येईपर्यंत कापूस जिनिंगला गेलेला असतो. दुसरा त्याहून बेरकी. तो जास्त रकमेचा चेक देतो आणि वरचे पैसे रोख परत मागतो. चेक परत येतो, आपली रोकड मात्र गेलेली असते. खात्यावर रक्कम दिसली म्हणजे चेक वटला असे नाही. बँकेत विचारा. डिमांड ड्राफ्टही खोटा निघतो. तोही बँकेकडून तपासून घ्या.

माल गाडीत चढण्याआधी बाजार समितीचा परवाना पाहा. वजन, भाव, रक्कम लिहिलेली सहीची पट्टी घ्या. पट्टी नसली तर देणे कशाचे, हे कोर्टात सांगणे जड जाते.

तरीही चेक परत आला तर बँकेचा परतीचा मेमो घ्या आणि दिवस मोजा. चेक तारखेपासून 3 महिन्यांत बँकेत पडला पाहिजे. मेमो मिळाल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस पाठवा, पोस्टाची पावती जपा. नोटीस पोचल्यावर त्याला 15 दिवस मिळतात. ते उलटले की महिन्याच्या आत कोर्टात फिर्याद. 1881 च्या कायद्याचे हे कलम 138. शिक्षा 2 वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. वाफसा गेल्यावर तिफण चालवून उपयोग नसतो, मुदतीचेही तसेच आहे.

चेक चोरीचा किंवा खोट्या सहीचा असेल तर थेट पोलीस ठाण्यात फसवणुकीची तक्रार द्या. घेतली नाही तर जिल्हा पोलीस अधीक्षकांना पोस्टाने पाठवा. मोबाइलवरून पैसे गेले असतील तर त्याच घटकेला 1930 वर कळवा. व्यापारी परवानाधारक असेल तर बाजार समिती आणि जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करा.

फसलो हे सांगायला लाजू नका. आपण गप्प राहिलो की तीच गाडी उद्या शेजारच्या गावात जाते. गावातले सारे फसलेले एकत्र या, पट्ट्या आणि मेमो घेऊन बैठकीला या. अर्ज आपण मिळून लिहू.